लॉगिन केलेल्या सभासदांना कॅशेतले पान द्यावे का? वधू-वर मंडळाच्या संकेतस्थळाचा प्रश्न

घाटमाथा
रविवार, रात्री १०:४२

नमस्कार. गेली चार वर्षे मी आमच्या भागातल्या एका वधू-वर सूचक मंडळाचे संकेतस्थळ सांभाळतो आहे. काम सेवाभावी आहे. सहा हजारांच्या आसपास स्थळे नोंदलेली आहेत. पाने तयार करायला पीएचपी, माहिती साठवायला मारियाडीबी, त्यांच्या पुढे मागण्या घेणारा एन्जिनएक्स आणि चार जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर, एवढा सगळा पसारा आहे. वर्षभर तो ठीक चालतो. तुळशीचे लग्न लागले की मात्र रविवारी रात्री जेवणे आटोपून घरोघरी आईवडील आणि मुले एकत्र स्थळे पाहायला बसतात, आणि त्या दोन तासांत एकेक पान उघडायला सात-आठ सेकंद लागतात.

मुखपृष्ठ, नियमावली, मेळाव्यांची माहिती ही लॉगिनशिवाय दिसणारी पाने एन्जिनएक्सच्या कॅशेतून, म्हणजे एकदा तयार करून ठेवलेल्या प्रतींच्या साठ्यातून, जातात, त्यांची तक्रार नाही. पण लॉगिन केल्याशिवाय स्थळे दिसत नाहीत, त्यामुळे गर्दीच्या वेळी आलेला जवळपास प्रत्येक जण लॉगिन केलेलाच असतो, आणि त्याच्यासाठी प्रत्येक पान नव्याने तयार होते. एका स्थळाच्या पानावर शिक्षण, उंची, जन्मवेळ, रास, नाडी, अपेक्षा हा मजकूर सर्व सभासदांना सारखाच दिसतो. मात्र वरच्या पट्टीत पाहणाऱ्याचे नाव आणि न वाचलेल्या निरोपांची संख्या असते, आणि समोरच्या कुटुंबाने पसंती मान्य केली असेल तरच खाली दूरध्वनी क्रमांक आणि मोठे छायाचित्र दिसते.

कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी सुचवले आहे की सीडीएन (पानांच्या प्रती जागोजागच्या सर्व्हरवर ठेवून तिथून देणारी सेवा) घ्यावा आणि त्यात ‘सगळे साठवा’ हा पर्याय चालू करावा. मला त्यात धोका वाटतो, परंतु बैठकीत तो नेमक्या शब्दांत मांडता आला नाही. लोकांनी आपल्या मुलीचा क्रमांक आमच्या भरवशावर दिलेला आहे. तो भरवसा न मोडता ही पाने कॅशे करता येतील का, आणि येत असतील तर कशी, हे जाणकारांनी सांगावे.

रातराणी
रविवार, रात्री ११:०५

‘सगळे साठवा’ कृपया करू नका. बैठकीत सांगण्यासाठी एक घडलेले उदाहरण देते. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या संगणकीय खेळांच्या दुकानावर हल्लेखोरांनी खोट्या मागण्यांचा मारा केला आणि रहदारी सेलच्या दिवसांतल्या सरासरीपेक्षाही २,००० टक्क्यांनी वाढली. तो भार पेलण्यासाठी कॅशेचे नियम घाईने बदलले गेले. त्यांतल्या एका बदलात लॉगिन केलेल्या ग्राहकांची पानेही साठवली जाऊ लागली, आणि लोकांना आपल्या खात्याच्या जागी दुसऱ्याचे खाते दिसू लागले. कुणाचा पत्ता, कुणाचा ईमेल, कुणाची खरेदीची यादी. सुमारे ३४,००० ग्राहकांच्या पानांना याची झळ पोहोचली असावी, असे कंपनीने पुढे जाहीर केले. हे सगळे साधारण दीड तासात घडले. कुणीही कुलूप फोडले नव्हते. पाने सर्व्हरनेच चुकीच्या दारी नेऊन दिली होती.

सांजवात
सोमवार, सकाळी ८:१७

रातराणी यांच्याशी पूर्ण सहमत. धोका नेमका कुठे आहे, हे धागाकर्त्यांनी विचारले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कॅशे पान ओळखतो ते एका किल्लीवरून, आणि ती किल्ली बहुतेक ठिकाणी पानाच्या पत्त्यापासूनच बनवलेली असते. ‘स्थळ क्रमांक ४१२’ हा पत्ता सर्वांना एकच, परंतु पानावरचा मजकूर मात्र पाहणाऱ्यानुसार बदलतो. मजकूर ज्या ज्या गोष्टीवर अवलंबून आहे तिचा किल्लीत उल्लेख नसेल, तर पहिल्या माणसासाठी तयार झालेले पान दुसऱ्याला जाणारच. सगळ्या घटनांच्या मुळाशी एवढेच असते.

एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाच्या नियमांच्या) कॅशेविषयीचे सध्याचे मानक, आरएफसी ९१११, जून २०२२ मध्ये आले. ऑथरायझेशन हे हेडर (मागणीसोबत किंवा उत्तरासोबत जाणारी सूचनेची ओळ) असलेल्या मागणीचे उत्तर सामायिक कॅशेने साठवू नये, अशी तरतूद त्यात आहे. उत्तरात तशी स्पष्ट परवानगी असेल तरच सूट मिळते. कुकीला, म्हणजे ब्राउझर स्वतःजवळ ठेवून प्रत्येक मागणीसोबत परत पाठवतो त्या छोट्या नोंदीला, मात्र असे आपोआप संरक्षण दिलेले नाही, आणि आपली लॉगिनची ओळख तर जवळपास नेहमी कुकीतूनच जाते. त्यामुळे ‘हे पान एका व्यक्तीचे आहे’ हे आपल्यालाच कॅशे-कंट्रोल हेडरमध्ये सांगावे लागते. त्यातल्या तीन शब्दांचा घोटाळा मी फार ठिकाणी पाहिला आहे. ‘प्रायव्हेट’ म्हणजे वाटेतल्या सामायिक कॅशेने साठवू नये, ब्राउझरने साठवले तर चालेल. ‘नो-स्टोअर’ म्हणजे कुणीच साठवू नये. आणि ‘नो-कॅशे’ या शब्दावरून काहीही वाटले, तरी त्याचा अर्थ ‘साठवा, पण देण्यापूर्वी मूळ सर्व्हरला विचारा’ एवढाच आहे.

हे शब्द सगळीकडे सारख्याच अर्थाने पाळले जातात, असेही धरून चालू नये. जपानमधील मर्कारी या जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या सेवेने जून २०१७ मध्ये सीडीएन बदलला. जुन्या व्यवस्थेत पुरेशा ठरलेल्या सूचना नव्या व्यवस्थेत त्याच अर्थाने पाळल्या गेल्या नाहीत, आणि ५४,१८० ग्राहकांची माहिती इतरांना दिसण्याजोगी झाली. तेव्हा तुमच्या कार्यकारिणीला नवा सीडीएन घ्यायचाच असेल, तर तो कोणता हेडर कसा वाचतो, हे तो घेण्याआधी तपासून घ्या.

तळटीप
सोमवार, सकाळी ९:५०

माझे मत थोडे वेगळे आहे. सहा हजार स्थळे म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने मूठभर नोंदी. त्यांतली एक दाखवायला सात सेकंद लागत असतील, तर दोष कॅशे नसण्याचा नव्हे, पान तयार करण्याच्या पद्धतीचा आहे. वैयक्तिक पाने कॅशे करणे म्हणजे मूळ दुखणे झाकून एक नवा आणि अधिक गंभीर धोका घरात आणणे आहे. आधी हळू चालणाऱ्या क्वेरींची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची, नोंद चालू करा. एका पानासाठी डेटाबेसला किती वेळा विचारले जाते, ते मोजा. यादीतल्या प्रत्येक स्थळासाठी वेगळी क्वेरी जात असेल, तर ती एकत्र करा. माझ्या अनुभवात दहांपैकी सात वेळा यानंतर कॅशेचा विषयच निघत नाही.

पाणपोई
सोमवार, दुपारी १:३२

तळटीप यांचे म्हणणे रास्त आहे. तरीही धागाकर्त्यांकडे एन्जिनएक्सचा कॅशे आधीच चालू आहे, म्हणून माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते.

मी एका पतसंस्थेच्या संकेतस्थळाचे काम पाहत होतो. बाहेरची पाने कॅशेतून आणि सभासदांची पाने थेट सर्व्हरवरून, अशी तुमच्यासारखीच रचना होती. सेशनची (लॉगिनची ओळख सांभाळणारी) कुकी असेल तर कॅशे टाळावा, यासाठी मी एन्जिनएक्समध्ये ‘बायपास’ची ओळ लिहिली, आणि लॉगिन करून पाहिल्यावर माझे पान ताजे येते आहे, हे पाहून समाधान मानले. ‘बायपास’चा अर्थ फक्त एवढाच असतो की उत्तर कॅशेतून *वाचू* नये. सर्व्हरकडून आलेले ताजे उत्तर कॅशेत *ठेवू* नये, यासाठी ‘नो-कॅशे’ची (ही एन्जिनएक्सची स्वतःची सूचना, सांजवात यांनी सांगितलेला हेडरमधला शब्द नव्हे) वेगळी ओळ लिहावी लागते, आणि ती मी लिहिली नव्हती. परिणामी लॉगिन केलेला सभासद मुखपृष्ठावर आला की त्याच्या नावाचे पान तयार होई, त्याला मिळे आणि त्याच वेळी सार्वजनिक पानाच्या जागी जाऊन बसे. त्यानंतर दहा मिनिटे, कधीही लॉगिन न केलेल्या प्रत्येकाला ‘नमस्कार’ या शब्दापुढे त्या सभासदाचे नाव आणि सभासद क्रमांक दिसत असे.

इथे एक प्रश्न कुणाच्याही मनात येईल. पीएचपीचे सेशन सुरू झाले की ते स्वतःच ‘नो-स्टोअर’ पाठवते, शिवाय पान केव्हाच शिळे झाले आहे हे सांगायला १९ नोव्हेंबर १९८१ ही तारीखही जोडते, आणि एन्जिनएक्स त्या सूचना पाळतो. मग साठवण झाली कशी? त्याचे उत्तर अधिक क्लेशदायक आहे. सेशन सगळ्याच पानांवर सुरू होत असल्यामुळे सुरुवातीला काहीच कॅशे होत नव्हते, म्हणून मी कुठलेसे उत्तर वाचून ‘हेडरकडे दुर्लक्ष करा’ ही ओळ घातली होती. कॅशे-कंट्रोल, एक्स्पायर्स आणि सेट-कुकी, तिन्ही हेडर मी स्वतःच निकामी केले होते. त्यांतले शेवटचे सर्वांत घातक. सेट-कुकी असलेले उत्तर एन्जिनएक्स एरवी साठवत नाही. ते साठवायला लावले, तर एका माणसाची सेशनची कुकी पुढच्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये जाऊन बसू शकते. तसे झाले की समोरचा तुमचे पान नुसते पाहत नाही, तो तुमच्या नावाने खात्यात वावरतो.

आमच्याकडे एका निवृत्त शिक्षिकांनी दूरध्वनी करून ‘मला दुसऱ्याच कुणाचे नाव दिसते आहे’ असे सांगितले, म्हणून हे त्याच दिवशी कळले. ज्या सभासदाचे नाव दिसत होते, त्यांना मी स्वतः भेटून काय झाले ते सांगितले. घाटमाथा, तुमच्या एन्जिनएक्सच्या मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फाइलमध्ये ‘दुर्लक्ष करा’ अशी ओळ आहे का, हे आजच पाहा.

घाटमाथा
सोमवार, रात्री ९:१५

पाणपोई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच फाइल उघडली. दुर्लक्षाची ओळ आहे, आणि सेट-कुकीसह आहे. ‘बायपास’ आणि ‘नो-कॅशे’ या दोन्ही ओळी सुदैवाने आहेत. पण ज्या कुकीच्या नावावर त्या अवलंबून आहेत, ते नाव मागच्या वर्षी मी बदलले होते आणि या ओळींत जुनेच राहिले होते. पुढे लिहिण्याआधी कॅशे पूर्ण रिकामा करून बंद केला आहे. तुमचे मनापासून आभार.

तळटीप, क्वेरी मोजायला घेतल्या आहेत. आकडे येतील तसे लिहितो.

परदेशस्थ
सोमवार, रात्री ११:४०

मी जर्मनीत काम करतो. इथे अशी गळती लक्षात आल्यापासून शक्यतो ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावी लागते, आणि कॅशेतून एका ग्राहकाचे पान दुसऱ्याला जाणे ही त्या व्याख्येत बसणारी गोष्ट आहे. भारतातही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, आणि गळती झाल्यास मंडळाला, म्हणजे कायद्याने नेमलेल्या डेटा संरक्षण मंडळाला, तसेच ज्याची माहिती गेली त्या प्रत्येक व्यक्तीलाही कळवणे बंधनकारक केलेले आहे. काम सेवाभावी असले तरी जन्मवेळ, उत्पन्न, छायाचित्र आणि क्रमांक एकत्र साठवणाऱ्या संस्थेने हा कायदा आपल्याला लागू आहे असे समजूनच वागावे, असे मला वाटते.

दीपमाळ
मंगळवार, सकाळी ७:५८

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. लॉगिन केलेल्यांसाठी कॅशे करता येतो. पण आख्खे पान एका गाठोड्यात बांधण्याचा विचार सोडावा लागतो.

ड्रुपल या प्रणालीने २०१५ मध्ये आठव्या आवृत्तीत ज्या पद्धतीने हे सोडवले, ती पद्धत तुम्ही तिची एक ओळही न वापरता उचलू शकता. तिथे पानाचा प्रत्येक तुकडा स्वतःविषयी सांगतो की मी कशावर अवलंबून आहे: भाषेवर, सभासदाच्या भूमिकेवर, परवानग्यांवर की थेट व्यक्तीवर. भूमिकेवर अवलंबून असलेला तुकडा भूमिकेगणिक एकदा साठवला जातो. व्यक्तीवर अवलंबून असलेल्या तुकड्यासाठी मात्र साठवलेल्या पानात फक्त रिकामी जागा राखली जाते आणि ती नंतर भरली जाते.

तुमच्या स्थळाच्या पानाला हे लावून पाहू. शिक्षण, उंची, रास, नाडी, अपेक्षा हा मधला भाग पाहणाऱ्यावर अवलंबून नाही. तो एकदा तयार करून रेडिसमध्ये (मेमरीत माहिती ठेवणाऱ्या जलद साठ्यात) ठेवा, आणि त्याच्या किल्लीत स्थळ क्रमांकासोबत त्या नोंदीची शेवटच्या बदलाची वेळ घाला. म्हणजे कुटुंबाने काही बदलले की किल्लीच बदलेल आणि जुना तुकडा पुन्हा कुणाला जाणार नाही. वरच्या पट्टीतले नाव आणि निरोपांची संख्या साठवू नका, ती दर वेळी काढायला काहीच खर्च येत नाही. राहिला दूरध्वनी क्रमांक. तो पानाच्या एचटीएमएलमध्ये मुळीच नसावा. ‘संपर्क पाहा’ हे बटण दाबल्यावर वेगळी मागणी जावी, सर्व्हरने पसंती मान्य झाल्याची खात्री त्याच क्षणी डेटाबेसमधून करावी, आणि उत्तर ‘नो-स्टोअर’सह पाठवावे. यामुळे कुणी कुणाचा क्रमांक कधी पाहिला, याची नोंदही आपोआप राहील.

क्रमांक पानात पाठवून सीएसएसने (पानाची शैली ठरवणाऱ्या नियमांनी) झाकणे, ही पद्धत मी दोन ठिकाणी पाहिली आहे. ते संरक्षण नव्हे. पानाचा स्रोत उघडणाऱ्या कोणालाही तो दिसतो.

हे तुकडे एन्जिनएक्समध्ये न ठेवता पीएचपीच्या मागे ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. तिथे पोहोचण्याआधी ‘हा कोण आहे आणि याला हे पाहण्याचा अधिकार आहे का’ हा प्रश्न विचारून झालेला असतो.

शून्यप्रहर
मंगळवार, सकाळी १०:२१

‘व्हेरी: कुकी’ (उत्तर कुकीनुसार बदलते, असे कॅशेला सांगणारे) हे हेडर पाठवले तर प्रत्येक सभासदासाठी वेगळी प्रत राहणार नाही का? मग तुकडे करण्याची गरज उरत नाही.

सांजवात
मंगळवार, सकाळी ११:०४

शून्यप्रहर, मानक पाळणाऱ्या कॅशेत तसे होईल, आणि गळतीही होणार नाही. मात्र उपयोगही फारसा होणार नाही. कुकी म्हणजे सेशन एकटेच नसते. मोजणीच्या साधनांच्या कुकीही त्याच हेडरमध्ये असतात आणि त्या वारंवार बदलतात, त्यामुळे साठवलेली प्रत त्याच माणसालाही क्वचितच परत मिळते. शिवाय एक सभासद एक स्थळ किती वेळा उघडणार? व्यक्तीगणिक प्रत ठेवण्यात लाभ नगण्य आणि साठलेली खासगी माहिती मात्र प्रचंड, असा उलटा व्यवहार होतो. काही सीडीएन हे हेडर पाळतही नाहीत.

दीपमाळ यांच्या मांडणीला एक पुरवणी जोडतो. रेडिस मागे आहे म्हणून निश्चिंत राहू नये. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षके दिसली. तिथे किल्ल्या चुकीच्या नव्हत्या. रेडिसशी बोलणाऱ्या लायब्ररीत दोष होता. एखादी मागणी मध्येच रद्द झाली की तिचे उत्तर जोडणीत तसेच पडून राही, आणि तीच जोडणी पुढे ज्याच्या वाट्याला येई त्याला ते मिळे. ठराविक नऊ तासांत सक्रिय असलेल्या सशुल्क ग्राहकांपैकी १.२ टक्के लोकांची देयकांसंबंधीची काही माहिती यात उघडी पडली असावी, असे कंपनीने सांगितले. यावरून मी स्वतःसाठी एक सवय लावून घेतली आहे: साठवलेल्या प्रत्येक तुकड्याच्या आत तो कशाचा आहे हे लिहून ठेवतो, आणि वाचताना मागितलेला क्रमांक व आतला क्रमांक जुळला नाही, तर तुकडा टाकून देऊन नोंद करतो. खर्च नगण्य आहे.

रातराणी
मंगळवार, दुपारी ३:४६

दीपमाळ, तुमची रचना पटली. परंतु ‘मधला भाग पाहणाऱ्यावर अवलंबून नाही’ या वाक्याशी मी सहमत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचे नाव आम्ही अशाच एका ठिकाणी नोंदवले होते. तिला त्रास देणारा एक माणसही तिथे सभासद होता. आम्ही संस्थेला लेखी कळवले, आणि त्याला तिचे स्थळ दिसणार नाही अशी व्यवस्था केल्याचे त्यांनी सांगितले. तरीही तिने नोकरी बदलल्याची माहिती त्याच्यापर्यंत दोन दिवसांत पोहोचली. यादीत तिचे नाव त्याला दिसत नव्हते, पण जुना पत्ता थेट उघडल्यावर पान दिसत होते. ते कॅशेमुळे की तपासणीच नव्हती म्हणून, हे आम्हाला कधीच कळले नाही, आणि आमच्या दृष्टीने त्यात फरकही नव्हता. तिला काही महिने गाव सोडून मावशीकडे राहावे लागले.

म्हणून माझी विनंती आहे की केवळ क्रमांकच खासगी आहे, असे समजू नये. एखाद्या विशिष्ट व्यक्तीसाठी शहर आणि नोकरीचे ठिकाण हेदेखील क्रमांकाइतकेच घातक असते. आणि लग्न जमले किंवा नाव मागे घेतले, की ते पान त्याच मिनिटाला गेले पाहिजे. कॅशेची मुदत संपेपर्यंत थांबणे इथे चालणार नाही.

दीपमाळ
मंगळवार, सायंकाळी ६:१२

रातराणी, हे लिहिल्याबद्दल आभार. माझे वाक्य चुकीचे होते आणि मी ते मागे घेतो. मजकूर सर्वांना सारखा असला, तरी तो *पाहण्याचा अधिकार* सर्वांना सारखा नसतो, आणि मी दोन्ही एकच धरले होते.

रचना अशी हवी: प्रत्येक मागणीला आधी अधिकार तपासायचा, आणि ही तपासणी कधीही कॅशे करायची नाही. सभासद आहे का, वधूकडचा की वराकडचा, स्थळ चालू आहे का, या स्थळाने याला वगळले आहे का, हे सगळे योग्य इंडेक्स असलेल्या एका क्वेरीत काही मिलिसेकंदांत कळते. हो आले तरच साठवलेला तुकडा उचलायचा. नाव मागे घेतल्यावर तुकडा रेडिसमध्ये काही काळ पडून राहिला, तरी त्याच्यापर्यंत कुणी पोहोचणार नाही. आणि तोही त्याच वेळी पुसून टाकावा. कुणाला पुढे-मागे एन्जिनएक्सच्याच कॅशेतून पाने द्यायची असतील, तर तिथेही एन्जिनएक्सच्या ‘ऑथ-रिक्वेस्ट’ या सोयीने हीच तपासणी आधी करून घेता येते, कारण ती साठवलेले उत्तर देण्यापूर्वी चालते.

तळटीप
मंगळवार, सायंकाळी ७:३०

आणखी एक फट बंद करावी. २०१७ मध्ये ओमेर गिल या संशोधकाने दाखवले की खात्याच्या पानाच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन ‘काहीही.सीएसएस’ असे जोडले, तर अनेक सर्व्हर ते खात्याचेच पान देतात, आणि पुढचा कॅशे मात्र शेवटची अक्षरे पाहून ती शैलीची फाइल समजून साठवतो. असा दुवा कुणी सभासदाला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि त्याने तो उघडला, की पाठवणारा नंतर तोच पत्ता उघडून त्याचे पान वाचू शकतो. पीएचपीमध्ये फाइलच्या नावापुढे जोडलेला असा मजकूर अनेकदा निमूटपणे स्वीकारला जातो. तो नाकारून ‘पान सापडले नाही’ असे उत्तर द्या, आणि चित्रे व शैलीच्या फाइली ठराविक फोल्डरमधूनच कॅशे होतील असे पाहा.

कोपरा
मंगळवार, रात्री १०:०२

मी तंत्रज्ञ नाही, आमच्या मंडळाच्या कार्यालयात रविवारी बसतो. अनेक पालकांकडे संगणक नसतो, ते कार्यालयातल्या एकाच संगणकावर येऊन लॉगिन करतात. एकजण उठला आणि दुसऱ्याने ‘मागे’ हे बटण दाबले, की आधीच्याचे पान दिसते. हे मी स्वतः पाहिले आहे. यावर उपाय आहे का?

सांजवात
मंगळवार, रात्री १०:३५

कोपरा, महत्त्वाचे विचारलेत. हा ब्राउझरचा स्वतःचा साठा आहे. ‘प्रायव्हेट’ने तो थांबत नाही, त्यासाठी लॉगिननंतरच्या पानांवर ‘नो-स्टोअर’ लागते. शिवाय लॉगआउटच्या उत्तरात ‘क्लिअर-साइट-डेटा’ हे हेडर पाठवले, तर बहुतेक नवे ब्राउझर त्या संकेतस्थळाचा साठा पुसतात. तरीही कार्यालयातल्या संगणकावर प्रत्येक पालकासाठी खासगी खिडकी उघडून देणे आणि ते उठताना ती बंद करणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

घाटमाथा
पुढचा रविवार, रात्री ११:२०

आठवडाभर काम करून आज गर्दीच्या वेळी परीक्षा झाली, म्हणून आता लिहितो.

तळटीप यांचा अंदाज बराचसा खरा ठरला. यादीच्या एका पानासाठी १८६ क्वेरी जात होत्या, कारण प्रत्येक स्थळाच्या तालुक्याचे आणि शिक्षणाचे नाव वेगवेगळे शोधले जात होते. त्या आता ७ आहेत. एवढ्यानेच पान सात सेकंदांवरून दीड सेकंदावर आले. मग दीपमाळ यांच्या दुरुस्त रचनेप्रमाणे आधी अधिकाराची तपासणी आणि नंतर रेडिसमधला तुकडा, असे केले. आज रात्री नऊ वाजता ते अर्ध्या सेकंदाच्या आत होते. एन्जिनएक्सचा कॅशे फक्त सेशन सुरूच न होणाऱ्या सार्वजनिक पानांपुरता ठेवला असून ‘दुर्लक्ष करा’ ही ओळ काढून टाकली आहे. सीडीएनचा प्रस्ताव कार्यकारिणीने मागे घेतला. स्टीम आणि मर्कारी यांची उदाहरणे मी बैठकीत वाचून दाखवली. खरे मन वळले ते मात्र रातराणी यांच्या प्रतिसादाने. तो मी कोणतीही ओळख न सांगता, थोडक्यात सांगितला.

एक तपासणी मी स्वतः रचली आहे. एक खोटी वधू आणि एक खोटा वर नोंदवले, प्रत्येकाच्या क्रमांकाच्या आणि नोकरीच्या जागी इतरत्र कुठेही न आढळणारा शब्द लिहिला, आणि दोघांनी एकमेकांना वगळले. एक छोटी आज्ञावली दोघांच्या नावाने आलटून पालटून लॉगिन करते, सगळी पाने उघडते आणि एकाच्या पानांत दुसऱ्याचा शब्द सापडतो का ते पाहते. लॉगिन न करताही तीच पाने पुन्हा उघडते. पहिल्याच रात्री तो शब्द सापडला. बायोडाटा छापण्यासाठी असलेले वेगळे पान मी विसरलो होतो. त्यावर ना अधिकाराची तपासणी होती, ना वगळणुकीची. ते जुने पान कॅशेमुळे नव्हे, तर पहिल्या दिवसापासून उघडे होते. आता बंद केले आहे. कोणी कोणी ते उघडले होते हे सर्व्हरच्या नोंदींत शोधतो आहे, आणि ज्यांचे बायोडाटा उघडले गेले असतील त्या कुटुंबांना मंडळातर्फे कळवायचे असे ठरले आहे.

छायाचित्रे अजून राहिली आहेत. ती ज्या फोल्डरमध्ये आहेत, तिथे पत्ता माहीत असलेल्या कोणालाही ती दिसतात.

पाणपोई
पुढचा रविवार, रात्री ११:५१

छायाचित्रे सार्वजनिक फोल्डरमधून आजच हलवा. मागणी पीएचपीकडे येऊ द्या, तिथे हीच अधिकाराची तपासणी करा, आणि मग ‘एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट’ हेडरने फाइल एन्जिनएक्सलाच पाठवू द्या, म्हणजे पीएचपीवर भार येणार नाही. मोठ्या छायाचित्रांना ‘नो-स्टोअर’ लावा. हलवल्यानंतर जुने पत्ते खरोखर बंद झाले का, हेही तुमच्या त्या दोन खोट्या सभासदांकडून तपासून घ्या, आणि ती आज्ञावली रोज रात्री चालेल अशी व्यवस्था करा.

रातराणी
सोमवार, सकाळी ७:१०

घाटमाथा, त्या कुटुंबांना कळवताना पत्र न पाठवता शक्यतो दूरध्वनी करावा, आणि मुलींच्या घरी मंडळातल्या एखाद्या महिला सदस्याने बोलावे.

घाटमाथा
सोमवार, सकाळी ७:४४

हो. दोघी सदस्यांनी तयारी दाखवली आहे. नोंदींमध्ये आतापर्यंत अकरा नावे निघाली आहेत, आज संध्याकाळपासून सुरुवात करतो.